२४० शॉट, नानांचा चारा आणि अकरा मिनिटांची आतषबाजी

दिवाळी तोंडावर आली आहे आणि गेल्या आठवड्यात चार जणांनी मला जवळपास एकच प्रश्न पाठवलाय. "भाऊ, गावी जातोय, बजेट तीन हजार. असे कुठले फटाके घेऊ की सगळे बघत राहतील?" आता मी पुण्यात कोड लिहितो, फटाके विकत नाही. तरी हा प्रश्न माझ्याकडे का येतो, ते आमच्या गावच्या पोरांना चांगलं माहीत आहे. म्हणून आज आधी माझा पराक्रम सांगतो आणि मग यादी. प्लीज, थेट यादीवर उडी मारू नका.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. माझं गाव शहादा तालुक्यात, तापीच्या पट्ट्यात. त्या वर्षी पहिल्यांदा बऱ्यापैकी पगारवाढ झाली होती आणि ती गावाला दिसली पाहिजे अशी खाज होती. साडेसहा हजारांचे फटाके घेतले. त्यात २४० शॉटचा एक भलामोठा खोका, दोन डझन रॉकेट, बाकी सुतळी बॉम्ब. लक्ष्मीपूजन झालं, सगळं घराच्या गच्चीवर मांडलं, कारण वरून उडवलं की अजून उंच जाईल असं माझं इंजिनिअरी डोकं सांगत होतं. खोका नुसताच ठेवला. विटा नाहीत, आधार नाही. पहिले शंभरेक शॉट सरळ गेले. प्रत्येक शॉटला खोका थोडा थोडा हलत होता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तो कलला आणि पुढचे शॉट आडवे सुटायला लागले.

शेजारी नानांचं खळं. खळ्यात मक्याच्या चाऱ्याची गंजी. दोन मिनिटांत पेटली.

खान्देशातले असाल तर पुढचं सांगायला नको. दिवाळीत आमच्याकडे घराघरात कापूस भरलेला असतो, भाव वाढेल या आशेवर. नानांची कापसाची खोली त्या गंजीपासून तीस फुटांवर होती. गल्लीतल्या पोरांनी मोटार चालू केली, पाईप ओढला, बायकांनी हंडे आणले. अर्ध्या तासात आग विझली. माणूस, जनावर, कापूस, सगळं वाचलं. निम्मी गंजी गेली.

नाना एक शब्द बोलले नाहीत. तेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या खळ्यातल्या चाऱ्याच्या दोन ट्रॉल्या त्यांच्याकडे टाकल्या. उन्हाळ्यात आम्हालाच चारा विकत घ्यावा लागला. त्यामुळे त्या खोक्याची खरी किंमत पावतीवर नव्हती.

आणि अजून एक गोष्ट, जी मान्य करायला मला वर्ष लागलं. आग लागायच्या आधीही लोक फारसं बघत नव्हते. पहिल्या मिनिटानंतर काकू आत फराळाचं बघायला गेल्या होत्या, पोरं कानावर हात ठेवून बसली होती. २४० वेळा एकच गोष्ट झाली तर माणूस २४० वेळा बघत नाही.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाला गावी होतो. नानांची नात आली आणि म्हणाली, "काका, यंदा फटाके नाही?" मी नानांकडे गेलो. विचारायचं धाडस होत नव्हतं, पण विचारलं. नाना म्हणाले, "कर. पन पहिले माले दखाड." म्हणजे, आधी मला दाखव. मग मी वही घेऊन बसलो. आज जे सांगणार आहे ते सगळं मी आधी नानांना दाखवलेलं आहे.

आधी जागा, मग खरेदी

आपण काय करतो? दुकानात जातो, मोठा खोका बघतो, आणतो, मग कुठे लावायचा ते ठरवतो. हे उलटं आहे. आधी पावलं मोजा.

आमच्या मुगाच्या शेतात पीक निघाल्यावर नांगरून ठेवलं होतं. नुसती काळी माती, गवताची काडी नाही. शेताच्या मधल्या जागेपासून रस्ता ५० पावलांवर, तिथे लोक बसणार. सगळ्यात जवळचं खळं १५० पावलांवर. माझं पाऊल साधारण पाऊण मीटरचं. म्हणजे लोक ३७-३८ मीटरवर आणि चारा ११० मीटरच्या पुढे.

आता थोडं गणित, घाबरू नका. आपण घेतो तसा मध्यम खोका असेल तर शॉट अंदाजे तीस मीटरवर फुटतो असं धरा. जळका पुठ्ठा तिथून खाली यायला आठ-दहा सेकंद लागतात. वारा ताशी १० किलोमीटर असेल तर तो सेकंदाला २.८ मीटर सरकतो. दहा सेकंदांत २८ मीटर. म्हणजे अगदी साध्या वाऱ्यातही तुमचा पुठ्ठा शेजाऱ्याच्या अंगणात जाऊ शकतो. म्हणून मूठभर माती हातातून सोडून वारा बघायचा, आणि लोकांना वारा जिकडून येतोय त्या बाजूला बसवायचं. वारा जास्त असेल तर त्या दिवशी शॉट नाहीत, फक्त जमिनीवरचे प्रकार.

तुमच्या बाजूला काय वाळत पडलंय तेही बघा. नंदुरबार शहराजवळ असाल तर त्याच दिवसांत मिरचीच्या पथाऱ्या लागायला सुरुवात होते, एकरच्या एकर लाल मिरची. ती जळाली तर सगळ्या वस्तीला ठसका. धडगाव, अक्कलकुव्याकडे डोंगरात कुडाची घरं आहेत. अशा वस्तीत हवेत जाणारं काहीही लावू नका, एवढं सरळ सांगतो.

आणि रॉकेट? मी यादीतून कायमचं काढून टाकलं. खोक्याचा शॉट निदान नळीतून सरळ निघतो. रॉकेट बाटली कलली की कुठेही जातं, आणि त्याची काठी कुठे पडेल ते रॉकेटलाही माहीत नसतं.

खोका कसा वाचायचा

दुकानात गेल्यावर चित्र बघू नका. चित्रातलं आकाश तुमच्या खोक्यात नसतं. तीन गोष्टी बघा.

एक, नळीचं तोंड. त्याच किमतीत २४० शॉट म्हणजे बारीक नळ्या. शिलाई मशीन चालल्यासारखं फट-फट-फट. ३० शॉटचा खोका घेतला तर नळी जाड, प्रत्येक शॉटमध्ये दारू जास्त, फूल मोठं. म्हणून नुसता आकडा मोठा घेऊ नका.

दोन, वेळ. दुकानदाराला विचारा, "हा किती सेकंद चालतो?" त्याला सांगता आलं नाही तर नेटवर त्याच खोक्याचा व्हिडिओ शोधा आणि घड्याळ लावून बघा. ३० शॉट ३० सेकंदांत संपत असतील तर चांगलं. पाच सेकंदांत संपत असतील तर तो फक्त शेवटाला कामाचा.

तीन, रंग. इथे थोडं रसायनशास्त्र. लाल रंग येतो स्ट्रॉन्शियमच्या क्षारांतून, पिवळा सोडियममधून, निळा तांब्यातून. निळा सगळ्यात अवघड, कारण आच जास्त झाली की रंग फिका पडतो. पांढरी चमक ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमची, आणि सोनेरी ठिणग्या लोखंडाच्या चुऱ्याच्या नाहीतर कोळशाच्या. हिरव्यासाठी वर्षानुवर्षं बेरियम वापरायचे. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी घातली आणि २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. त्यामुळे कुणी फार झगझगीत हिरव्या रंगाचं कौतुक करायला लागला तर जरा सावध राहा.

माझा अनुभव असा, की कमी पैशात सोनेरीसारखं काही नाही. रंगीत तारे पटकन विझतात, सोनेरी ठिणगी खाली येईपर्यंत जळत राहते. नानींनी त्याला नाव ठेवलं "बाभळीची फुलं", आणि ते बरोबर आहे.

आता "ग्रीन फटाके" म्हणजे हिरव्या रंगाचे नव्हेत. नागपूरच्या नीरी संस्थेने काढलेली ही सूत्रं आहेत, नेहमीच्या फटाक्यापेक्षा धूलिकण सुमारे ३० टक्के कमी. धूर शून्य नाही, कमी. खोक्यावर नीरीचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करा. नुसतं हिरवं पान छापलं म्हणजे ग्रीन फटाका होत नाही.

नियमही सांगून टाकतो. २०१८ च्याच निकालात दिवाळीला आणि अशा सणांना वेळ दिली आहे रात्री ८ ते १०. लडी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या फटाक्यांच्या माळा, बंद. ऑनलाइन विक्री बंद. म्हणून परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, आणि गावाच्या जवळच्या दुकानातून घ्या. सुरत-भुसावळ लाईनने गावी येणाऱ्या पोरांनो, रेल्वेत फटाके नेणं गुन्हा आहे. बॅगेत कपड्यांखाली लपवलं तरी गुन्हाच, आणि डब्यात दीडशे माणसं असतात.

माझी यादी

यंदा मी खर्च केले अडीच हजार. ऐका.

भुईचक्रं एक डझन. अनार, म्हणजे भुईनळे, मोठे चौदा. तडतडणारी दोन कारंजी. १२ शॉटचा एक खोका. आणि ३० शॉटचे दोन खोके, दोन्ही अगदी एकसारखे, सोनेरी. पोरांसाठी फुलबाज्या वेगळ्या. सुतळी बॉम्ब शून्य.

बॉम्ब का नाही? नियमाने चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो. अंतर दहापट केलं, म्हणजे ४० मीटर, तरी मोकळ्या जागेत तो २० डेसिबलनेच कमी होतो. राहिले १०५. आपण बोलतो साधारण ६० ला. गोठ्यातल्या बैलाला हे कोण समजावणार? आणि आवाजात बघण्यासारखं काही नसतं.

दोन एकसारखे खोके का? हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा. दोन वेगळे खोके एकामागून एक लावले तर दोन फटाके दिसतात. दोन सारखे खोके १५ पावलांच्या अंतराने ठेवून एकाच वेळी पेटवले की आकाशाला डावी-उजवी बाजू येते. लोकांना वाटतं कुणीतरी ठरवून केलंय. आणि खरंच ठरवून केलेलं असतं.

तेच अनारांचं. एकेक अनार लावला तर तो अंगणातला अनार. सात अनार दोन-दोन पावलांवर एका ओळीत ठेवा, दोन टोकांना दोन माणसं, दोघं बाहेरून आत पेटवत यायचं आणि मागे पळायचं. उजेडाची भिंत उभी राहते. वाती एकमेकांना बांधून स्वतःची जोडणी करू नका. युट्यूबवर दिसतं, पण एकदा पेटलं की थांबवता येत नाही.

अंधार आणि थांबणं

इथे जरा इतिहासात जाऊ, फार लांब नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावर १९५३ साली एक छोटं इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यात पेशव्यांच्या बखरीतली एक हकिकत आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन करून सांगतात. तिथला राजा दारूची लंका उभी करतो, मारुती उडतो आणि लंका पेटवत जातो. पेशव्यांना ते पुण्यात बघायचं होतं. मग पर्वतीच्या पायथ्याशी तसा देखावा झाला आणि पेशव्यांनी तो वरून, पर्वतीवरून पाहिला.

मला त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, त्यात गोष्ट होती. नुसता धडाका नव्हता, आता काय होणार हे लोकांना बघायचं होतं. दुसरी, बघणारा लांब होता.

आपल्याकडे लंका नाही, पण क्रम ठरवता येतो. मी असा ठरवला. सुरुवातीला सगळे दिवे बंद. शेतातला हॅलोजन, गाड्यांचे लाईट, मोबाईलसुद्धा. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ आजीने तुळशीची आरती म्हणून घेतली. मग भुईचक्रं, दोन-दोन करून. मग सात अनारांची ओळ. मग थांबणं. दहा सेकंद काहीही नाही, धूर निघून जाऊ द्यायचा. मग १२ शॉट, एकटा. पुन्हा थांबणं. दोन कारंजी. दुसरी सात अनारांची ओळ, आणि ती विझता विझता दोन्ही खोके एकदम. संपलं. त्यानंतर एक लवंगीसुद्धा लावायची नाही.

एकूण अकरा मिनिटं. तीस मीटरवर फुटणारं फूल ३८ मीटरवरून बघितलं की मान फार ताणावी लागत नाही, म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसून दिसतं. हे अंतर सुरक्षेसाठी ठेवलं होतं, फायदा बघण्यातही झाला.

पेटवणाऱ्यांसाठी

पेटवणारे दोघंच, मी आणि माझा चुलतभाऊ. सुती कपडे, पायात बूट, डोळ्यांवर कारखान्यात वापरतात तो साधा पारदर्शक चष्मा. प्रत्येक खोका निम्मा मातीत पुरलेला आणि चारी बाजूंनी विटा. लांब अगरबत्तीने पेटवायचं, हात लांब, तोंड कधीही नळीवर नाही. पेटला नाही तर जवळ जायचं नाही. कार्यक्रम संपल्यावरही बराच वेळ थांबून लांबून पाणी ओतायचं. दोन ड्रम पाणी, चार ओली पोती, रेतीची बादली. आणि दारू पिलेला माणूस रेषेच्या आत नाही, मग तो कुणाचाही मेहुणा असो.

भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, हळद नाही, तेल नाही. मग डॉक्टर.

आणि आदल्या दिवशी गल्लीत एक चक्कर. कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाला दमा आहे, कुणाची गाय व्यायला आलीय. वेळ सांगून ठेवायची: साडेआठला सुरू, नऊच्या आत बंद. आमच्या गल्लीत एका आजोबांना दमा आहे, त्यांच्या मुलाने त्या दिवशी त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे नेलं. एक फोन आधी केला म्हणून जमलं.

मग काय झालं

त्या रात्री नाना खुर्ची घेऊन रस्त्यावर सगळ्यांच्या मागे बसले होते. त्यांच्या मांडीवर नात. खुर्चीच्या पायाशी पाण्याची एक बादली, त्यांनी स्वतः भरून आणलेली. मी बघितलं आणि काही बोललो नाही. त्यांचा हक्कच होता.

दोन्ही खोके एकदम उघडले तेव्हा पोरं ओरडली. मोठी माणसं गप्प होती. संपल्यावर नाना उठले, बादली तुळशीवृंदावनाजवळच्या झाडाला ओतली आणि म्हणाले, "जेवाले ये." एवढंच.

सकाळी सहा वाजता मी आणि नानांची नात पुठ्ठे वेचायला गेलो. हे करायचंच असतं, जनावरं काहीही चघळतात. सगळ्यात लांबचा जळका तुकडा मला ४४ पावलांवर सापडला. म्हणजे ३३ मीटर. माझ्या वहीत २८ लिहिलं होतं. वारा तर मला जवळजवळ नव्हताच वाटला. आदल्या वर्षीच्या गच्चीवरून ४४ पावलं मोजली तर नानांची कापसाची खोली त्याच्या आत येते. मी वहीत २८ खोडून पुढे लिहिलं, "दुप्पट धर."

तर मंडळी, तीन हजारांत काय घ्यायचं त्याचं उत्तर हे. आधी पावलं मोजा, मग दुकानात जा. दोन सारखे खोके, भरपूर अनार, मधे अंधार. आणि ज्यांच्या खळ्यात चारा आहे त्यांना आधी दाखवा.

तुमच्या गावी तुळशीचं लग्न असेल तर क्रम लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. दिवाळीच्या शुभेच्छा. भेटू.